काही द्यायचं नाही

थेंबवाल्या बाईंनी कागदाच्या घडीतली पाव ग्रॅम पूड बाटलीत सोडली, वर दोन चमचे स्पिरिट घातलं आणि बाटली डोळ्यांसमोर धरून हलकेच फिरवायला सुरुवात केली. पूड पुरती विरघळल्याशिवाय त्या पाण्याला हात लावत नसत, आणि ती विरघळेपर्यंत कुणाशी बोलतही नसत. काकू भिंतीला टेकून बघत होत्या. त्यांच्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा सगळा पसारा मांडलेला होता: मुठीत मावेल एवढा तराजू, काचेची नळी, पाच लिटरची बादली आणि बादलीच्या कडीला दोऱ्याने बांधलेला चमचा.

"एवढ्या मिठाने आमची भाजीसुद्धा अळणी राहील," काकू शेवटी म्हणाल्या.

"म्हणूनच मोजून घालायचं," बाई म्हणाल्या. "दुप्पट पडलं तर पानं दोऱ्यासारखी वळतात. मग मला या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

डोंगरातल्या गावांत त्यांना सगळे थेंबवाल्या बाईच म्हणत. खालच्या संशोधन केंद्रात त्यांच्या नावापुढे दोन पदव्या होत्या, पण इथे वर पदव्यांशी कुणाला देणंघेणं नव्हतं. बाटलीतून धो धो औषध ओतणाऱ्या माणसाचं मनगट धरून "थेंब, थेंब" म्हणणारी बाई, एवढीच त्यांची ओळख होती आणि त्यांना ती पदव्यांपेक्षा आवडत असे.

या उंचीवर टोमॅटोला फुलं यायची, बघत राहावं इतकी यायची. मग रात्री गारठा पडायचा आणि सकाळी ती देठासकट जमिनीवर पडलेली असायची. प्लास्टिकचे मांडव घालून दिवसाची ऊब मिळाली, पण रात्रीचं काय करणार? थंडीत फुलातले बरेचसे परागकण निकामी होतात, फळ धरल्याचा निरोप झाडापर्यंत पोचत नाही, आणि झाड ते फूल टाकून देतं. बाईंची पूड तो निरोप झाडाला पोचवायची. पुस्तकात तिला संजीवक म्हणतात. बाईंना तो शब्द जरा भारीच वाटे. मेलेल्याला उठवण्याचं त्यात काही नाही, त्या म्हणत, जिवंत झाडाला वेळेवर दोन शब्द सांगायचे, बस.

त्यांची नेमणूक या प्रयोगापुरतीच होती. गेल्या वर्षी केंद्राच्या स्वतःच्या जागेवर पूड खरी उतरली होती: औषध मारलेल्या झाडांवर दहातली सात फुलं धरली, न मारलेल्यांवर तीन. यंदा शेतकऱ्याच्या रानात तेच दिसलं की डोंगरी भागाच्या शिफारशींत तिचा समावेश होणार होता आणि बाई केंद्रात कायम होणार होत्या. नाही दिसलं, तर सपाटीवरच्या बियाणे तपासणीच्या खोलीत त्यांची रवानगी ठरलेली होती. दिवसभर बिया मोजायच्या आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत बघायची. बाई ती खोली एकदा जाऊन बघून आल्या होत्या. परतताना बसमध्ये त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोप काही लागली नव्हती.

बादली घेऊन दोघी मांडवात आल्या. मांडव घराच्या मागच्या पायरीच्या शेतात होता, बारा ओळींचा. काकूंची थोरली मुलगी तिथे आधीच येऊन खुणांच्या चिंध्या बांधत होती. ती गावच्या शाळेत शिक्षिका होती, अक्षर सुरेख, म्हणून नोंदवही तिच्याकडे दिलेली होती. बाईंनी समजावलं. लाल चिंधीच्या चार ओळींना पुडीचं पूर्ण पाणी, निळ्या चिंधीच्या चार ओळींना निम्म्या ताकदीचं, आणि पांढऱ्या चिंधीच्या चार ओळींवर नुसतं साधं पाणी फवारायचं. तुलनेसाठी या लागतातच. औषध न देता काय होतं ते माहीत नसेल, तर औषधाने काय झालं ते कसं कळणार?

"तर या आपल्या सावत्र ओळी," बाई हसून म्हणाल्या. "यांना काही द्यायचं नाही."

हा विनोद त्या प्रत्येक प्रशिक्षणात करत आणि लोक दरवेळी हसत. काकू हसल्या नाहीत. त्या वाकून एका पांढऱ्या चिंधीची गाठ सोडून पुन्हा नीट बांधत होत्या. बाईंना वाटलं, त्यांना ऐकू आलं नसावं.

फवारणीचा हात काकूंनी एका सकाळीत उचलला. उघडलेल्या फुलांच्या घोसावरच तुषार पडला पाहिजे, कोवळ्या शेंड्यावर नाही. बाईंनी यासाठी पुठ्ठ्याची ढाल करून आणली होती. काकूंनी ती बाजूला ठेवली आणि डावा तळवा शेंड्यावर धरून उजव्या हाताने फवारा मारला. पाठीमागे एकही पान ओलं झालं नव्हतं. केंद्रातल्या शिकाऊ मुलांना हे जमायला पंधरा दिवस लागत, आणि तरी निम्मी पानं वळलेली असत. बाई त्या दिवशी खाली जाताना फार खुशीत होत्या. अशी माणसं मिळाली की अर्धा प्रयोग झाला, असं त्यांनी केंद्राच्या साहेबांना फोनवर सांगितलं.

पाच आठवड्यांनी त्या मोजणीला आल्या. लाल ओळींत फळांचे घोस असे लगडले होते की दोऱ्या ताणल्या होत्या. गावातले दोन-चार जण उगाचच मांडवापाशी रेंगाळून आत डोकावत होते. या दिवसांत या उंचीवर टोमॅटो कुणी पाहिलेला नव्हता. बाई मोजू लागल्या, थोरली लिहू लागली. लाल ओळी, दहातली सात फुलं धरलेली. निळ्या, सहा. पांढऱ्या ओळी मोजायला लागल्यावर बाईंचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. दोनदा त्यांनी मोजलेलं पुन्हा मोजलं.

पांढऱ्या ओळींतही दहातली सहा फुलं धरली होती.

"चांगलं आहे ना?" थोरलीने विचारलं.

पांढऱ्या ओळी तीनवर राहायला हव्या होत्या. त्या सहावर आल्या म्हणजे पुडीने काही केलंच नाही, असाच त्याचा अर्थ निघणार होता. पहिला संशय त्यांनी काकूंवरच घेतला: दया येऊन दोन फवारे मारले असतील. पण पुडीची खूण लपत नाही. तिने धरलेल्या फळात बिया नावाला असतात. बाईंनी पांढऱ्या ओळीतलं फळ तोडून खिशातल्या चाकूने कापलं. बिया गच्च भरलेल्या होत्या. याला औषध लागलेलं नव्हतं. ही फळं आपल्या आपण, रीतसर धरली होती, आणि या थंडीत, वारा नाही, मधमाशी नाही अशा बंद मांडवात ती धरायला नको होती.

चार दिवस बाईंना दुसरं काही सुचलं नाही. पाचव्या दिवशी कुणाला न कळवता त्यांनी सकाळची बस धरली. वर पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. घर उघडंच होतं, घरात कुणी नव्हतं. मांडवाच्या प्लास्टिकमधून एक आकृती पांढऱ्या ओळीतून सावकाश सरकताना दिसत होती.

बाई दाराशी थांबल्या. काकूंच्या हातात लोकर विणायची लांब सुई होती. प्रत्येक घोसाच्या देठावर त्या ती सुई दोनदा टिचकीसारखी मारत होत्या, घोस थरथरला की पुढे जात होत्या. उन्हात परागकणांची पिवळी भुकटी उडताना स्पष्ट दिसत होती. एक झाड झालं, दुसरं झालं. काकू त्यांच्याशी बोलतही होत्या, सकाळी उठायला कंटाळणाऱ्या पोरांशी बोलावं तसं. ऐंशी झाडं होती. एकही त्यांनी चुकवलं नाही.

"काकू."

काकू वळल्या. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"औषध नाही हो दिलं यांना. एक थेंबसुद्धा नाही."

"मग हे काय चाललंय?"

"काही नाही. हलवते नुसतं. दाराजवळच्या झाडांना वारा लागतो बघा, त्यांची फुलं कमी गळतात. आतल्यांना वारा कोण घालणार?"

"मी सांगितलं होतं, यांना काही द्यायचं नाही म्हणून."

"मी कुठे काय दिलं?" काकू म्हणाल्या. "हात लावायचा नाही असं नव्हतं सांगितलं."

बाईंना राग आला. खरा, कानशिलं तापवणारा राग. तीन वर्षांच्या कामावर एका विणायच्या सुईने पाणी पडलं होतं, आणि ज्या बाईने ते पाडलं ती निरागस चेहऱ्याने चहा ठेवू का विचारत होती. बाई तशाच मांडवाबाहेर आल्या आणि बसथांब्याच्या उतरणीला लागल्या. राग उतरत नव्हता, कारण त्यात दुसरंच काहीतरी मिसळलेलं होतं. दाराजवळची झाडं त्याही तीन वर्षं बघत होत्या. कडेची झाडं मोजायची नाहीत, त्यांना वारा-ऊन वेगळं मिळतं, हा नियमच होता, आणि त्यांनी तो इतका काटेकोरपणे पाळला होता की त्या झाडांकडे बघणंच सोडून दिलं होतं. काकूंनी बघितलं होतं.

उतरणीवर थोरली भेटली. शाळेची मधली सुट्टी झाली होती, ती जेवायला घरी निघाली होती. बाईंचा चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलं. बाईंनी सांगितलं. थोरलीला हे माहीत होतं, पण त्याने काही बिघडतं हे माहीत नव्हतं. नोंदवहीत फवारणीचा रकाना होता, हलवण्याचा नव्हता, म्हणून तिने लिहिलं नव्हतं.

"तुम्ही त्यांना सावत्र ओळी म्हणालात ना," ती जरा थांबून म्हणाली. "त्या दिवसापासून आईचं हे सुरू आहे. मला म्हणाली, बाई मनाच्या चांगल्या आहेत, बोलून गेल्या."

"त्यात एवढं काय?"

"मी सावत्र आहे तिची," थोरली बसची वेळ सांगावी तसं म्हणाली. "मी सहा वर्षांची होते ही आली तेव्हा. धाकटी तिची."

बाईंचं सगळं आयुष्य आकडेमोडीत गेलं होतं, पण ही साधी वजाबाकी त्यांनी कधी केली नव्हती. थोरली तिशीची होती आणि काकू बेचाळीसच्या. तीन महिने त्या या घरात जात-येत होत्या, ओट्यावर पसारा मांडत होत्या, मायलेकींची भांडणं ऐकत होत्या, आणि त्यांच्या काही म्हणता काही लक्षात आलं नव्हतं. लक्षात येण्यासारखं काही नव्हतंच.

"दुसरीत असताना कुणीतरी मला तो शब्द ऐकवला," थोरली म्हणाली. "मी घरी येऊन विचारलं, सावत्र म्हणजे काय. आई म्हणाली, मला नाही माहीत, शाळेत बाईंना विचार. मी काही विचारलं नाही. आता मीच बाई झाले."

ती हसली. बाईंना हसता आलं नाही. इतक्या गावांत, इतक्या वेळा तो विनोद केला होता, त्यातल्या किती ठिकाणी कुणी खाली वाकून गाठ सोडली-बांधली असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. बस आली. त्या बसमध्ये चढल्या नाहीत. थोरलीबरोबर परत वर आल्या आणि काकूंना म्हणाल्या की हलवणं आता मध्येच थांबवू नका, जे चाललंय ते रोज लिहून ठेवा. काकूंनी चहा ठेवला. माफी मागायची म्हणून बाईंनी दोनदा तोंड उघडलं, पण काकूंनी दोन्ही वेळा बशीत आणखी बिस्किटं ठेवली.

पुढच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. मांडवाच्या आतल्या बाजूला बर्फाचा पापुद्रा धरला. पाच रात्री अशा गेल्या आणि पांढऱ्या ओळींतला नवा बहर सगळाच्या सगळा खाली आला. काकू दुपारी सुई घेऊन जात होत्या, टिचक्या मारत होत्या, पण उडायला भुकटीच उरली नव्हती. लाल ओळींत मात्र त्याच रात्रींमधली फुलं धरली, दहातली सात, अगदी गेल्या वर्षीसारखी. काकूंनी लाल ओळीतल्या त्या वाटाण्याएवढ्या फळांना बोट लावून बघितलं, पुन्हा लावून बघितलं.

"मानलं तुमच्या पुडीला," त्या म्हणाल्या. "जिथे माझा हात पुरला नाही तिथे ती पोचली."

बाईंना आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक होतं. त्यावर सही-शिक्का नव्हता, त्यामुळे शिफारशी ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवता येणार नव्हतं.

हंगाम संपल्यावर साहेबांनी अहवाल वाचला. माणूस वाईट नव्हता. त्यांना बाई केंद्रात हव्या होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले की पांढऱ्या ओळींचे आकडे गेल्या वर्षीचे घाला, ते निर्मळ आहेत, समितीत कुणी वर्ष बघत नाही. पुडीचा गुण खोटा थोडाच आहे? त्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं, हीच तर अडचण होती. बाईंनी तक्ता घरी नेला. 'उपचार' या रकान्यात पांढऱ्या ओळींसमोर 'काही नाही' असं छापलेलं होतं. चहा गार होईपर्यंत त्या त्या दोन शब्दांकडे बघत बसल्या. बियाणे तपासणीची खोली त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती, खिडकीसकट. मग त्यांनी ते शब्द खोडले आणि वर लिहिलं: 'रोज दुपारी प्रत्येक घोस हाताने हलवला.' समितीने शिफारस पुढे ढकलली.

बाई पुन्हा वर आल्या तेव्हा बर्फ वितळून पायऱ्यांची शेतं ओली झाली होती. त्यांनी काकूंना आणि थोरलीला सगळं सांगितलं. त्यांची बदली खाली झाली होती. पण एका अटीवर साहेबांनी प्रयोग आणखी एक हंगाम चालू ठेवायला मंजुरी आणली होती: बाईंनी तो सुट्टीच्या दिवशी, स्वतः तीन तासांचा प्रवास करून बघायचा. या वेळी चार प्रकार करायचे होते. नुसती पूड, नुसता हात, पूड आणि हात दोन्ही. दोन्ही मिळून काय होईल याची बाईंना इतकी उत्सुकता होती की सांगताना त्यांनी बदलीचं वाक्य कधीच मागे टाकलं होतं.

"आणि चौथा?" काकूंनी विचारलं.

"चौथ्या ओळींना काहीच नाही."

"म्हणजे?"

"औषध नाही, हात नाही, सुई नाही. पाणी घालायचं आणि बाहेर यायचं. त्यांच्याशिवाय बाकीचं काहीच सिद्ध होत नाही, काकू."

दुसऱ्या कुणाच्या रानात लावता येतील का, असं काकूंनी विचारून बघितलं. बाईंनी समजावलं की तीच माती, तोच गारठा हवा. काकूंना ते पटलं, म्हणूनच त्यांचा चेहरा उतरला.

"मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुढे हो म्हणेन. पण ऊन आलं की माझे पाय तिकडे वळणार." त्यांनी हातातलं फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं. "असं करा. दुपारी मला घरात कोंडत जा. ऊन उतरेपर्यंत. थोरली जेवायला येतेच, जाताना बाहेरून कडी घालेल."

"मी नाही घालणार," थोरली म्हणाली. "काहीतरीच काय, आई."

"तूच घालायची. दुसऱ्या कुणी घातली तर मी आरडाओरडा करून उघडायला लावीन. तू घातलीस तर गप्प बसेन."

बाईंनी नोंदवहीत डोकं घातलं. थोड्या वेळाने थोरली उठली आणि दाराशी गेली. बाहेरच्या बाजूची कडी तिने ओढून बघितली. ती जागची हलली नाही. कुणी ती लावल्याला बरीच वर्षं झाली होती.

"तेल घालावं लागेल," ती म्हणाली.